सहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांचा भटकंती गट : एकत्र चालवावा की वयानुसार वेगळा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये आमच्या आणि शेजारच्या दोन वसाहतींतील काही पालकांनी मिळून गेल्या दिवाळीनंतर मुलांचा एक भटकंती गट सुरू केला आहे. एकूण चौतीस मुले आहेत, त्यांत पंधरा मुली. सर्वांत लहान मुलगा पहिलीत आहे आणि सर्वांत मोठा एकोणीस वर्षांचा, पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. किती किल्ले पाहिले याची मोजदाद करण्यासाठी हा गट काढलेला नाही. एकाच इमारतीत राहणारी ही मुले वेगवेगळ्या शाळांत जातात, त्यांचे क्लास वेगवेगळ्या वेळी असतात, आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर खाली पाहण्यापलीकडे त्यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. त्यांना मित्र मिळावेत एवढाच आमचा हेतू होता.

पहिली सहल आम्ही रामशेजला नेली. पायथ्याच्या आशेवाडीतून सर्वजण एकत्र निघालो, पण अर्ध्या तासात गटाचे तीन तुकडे झाले. मोठी मुले भराभर वर पोहोचून मोबाइल काढून बसली, मधली मुले आपापल्या आईवडिलांना धरून चालली, आणि दुसरीतल्या एका मुलीला पायऱ्यांवर रडू कोसळल्यामुळे तिच्या आठवीतल्या भावाला तिच्यासोबत खाली उतरावे लागले. तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या वेळी पांडवलेण्यांना जाताना आम्ही एक मोठा आणि एक लहान अशा जोड्या लावल्या. लहान मुले खूश झाली, परंतु त्यानंतरच्या सहलीला तेरा वर्षांवरील अकरा मुलांपैकी चारच आली.

काही पालकांचे म्हणणे असे की पूर्वी वाड्यात सर्व वयांची मुले मिसळूनच वाढत, तेव्हा वेगळे गट करणे म्हणजे शाळेतल्या तुकड्याच पुन्हा आणणे होय. मला ते पटते, पण अनुभव उलट येतो आहे. वयानुसार गट करावेत का, केल्यास कोणत्या वयापाशी रेघ ओढावी, आणि कोणत्या वयाला किती कठीण जागी न्यावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. आमच्याकडे नियमित येणारे सहा पालक आहेत, त्यांपैकी दोघे पूर्वी ट्रेकिंग करत असत.

संघनायक

मी सातारा जिल्ह्यात शिक्षक होतो आणि सत्तावीस वर्षे शाळेचे स्काऊट पथक सांभाळले. आपली अडचण शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि स्काऊट चळवळीत वयोगट पडले तेही तिच्यातूनच. १९०७ च्या ऑगस्टमध्ये या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले तेव्हा त्यात सुमारे वीस मुलगे होते. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांमधले होते, तर काही पूल आणि बोर्नमथ या गावांतील कामकरी घरांमधले. एरवी ही मुले एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. त्यांच्या चार तुकड्या केल्या, प्रत्येक तुकडीला एका पशूचे किंवा पक्ष्याचे नाव दिले, आणि तुकडीचा नायक मुलगाच ठेवला. पुढे मुलांचे धाकटे भाऊ मागे लागले, म्हणून १९१६ मध्ये त्यांच्यासाठी कब विभाग निघाला, आणि वयाने मोठ्या झालेल्यांसाठी १९१८ मध्ये रोव्हर. आपल्याकडे वेगवेगळ्या संघटनांच्या एकत्रीकरणातून १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली, तिनेही हीच रचना ठेवली : प्राथमिक शाळेच्या वयात मुलग्यांचे कब आणि मुलींचे बुलबुल, दहा वर्षांपासून स्काऊट आणि गाइड, आणि त्यानंतर पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर.

ही रचना पाहून लोक असे समजतात की वयानुसार मुले वेगळी केली की काम झाले. तसे नाही. विभाग वयानुसार असतो, पण विभागाच्या आतली सहा ते आठ जणांची तुकडी, ज्याला आम्ही संघ म्हणतो, ती मिश्र वयाची असते. दहा वर्षांचा नवखा आणि चौदा वर्षांचा नायक एकाच संघात एकाच तंबूत झोपतात, एकाच चुलीवर स्वयंपाक करतात. अंतर तीन-चार वर्षांचे असले तर लहानाला मोठ्यासारखे व्हावेसे वाटते आणि मोठ्याला लहानाचा भार वाटत नाही. अंतर दहा वर्षांचे झाले की मोठा मुलगा मित्र राहत नाही, सांभाळणारा होतो. आपल्या पांडवलेण्यांच्या जोड्यांत हेच घडले असावे. पंधरा वर्षांच्या मुलाने रविवार दिला तो स्वतःच्या साहसासाठी, आणि त्याच्या हाती आपण कोणाचे तरी बोट दिले. तो पुन्हा येणार नाही, यात त्याचा दोष नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पहिली ते चौथी, पाचवी ते आठवी आणि नववीपासून पुढे असे तीन विभाग करावेत, आणि प्रत्येक विभागात सहा-सहा मुलांच्या तुकड्या पाडाव्यात. सख्खी भावंडे एका तुकडीत ठेवू नयेत. रामशेजवर खाली उतरावे लागलेला तो मुलगा बहिणीवर रागावला नव्हता, आपला दिवस गेला म्हणून रागावला होता. त्या जागी मोठ्या माणसाने खाली यायला हवे होते. एकाच इमारतीतले तिघे-चौघे शक्यतो एकत्र टाकू नयेत, मात्र प्रत्येक मुलाला ओळखीचा निदान एक चेहरा तुकडीत असावा. मुख्य म्हणजे तुकडी एकदा ठरली की वर्षभर मोडू नये, भांडणे झाली तरी मोडू नये. दोन भांडलेली मुले तिसऱ्या सहलीत एकाच पातेल्याचे दोन कान धरून चालताना मी इतक्यांदा पाहिली आहेत की पालकांनी तुकडी बदलण्याचा आग्रह धरला तरी मी बधत नसे.

तुकडीला तिच्यावाचून होणार नाही असे काम द्यावे, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीत आमचे एक शिबिर होते. एका संघाने तांदूळ, डाळ, कांदे सर्व आणले आणि काडेपेटी व मीठ घरी विसरले. माझ्या झोळीत दोन्ही होते, पण मी गप्प राहिलो. त्यांचा नायक सातवीतला, अत्यंत बुजरा मुलगा होता. तो दुसऱ्या संघाकडे गेला आणि दोन हंडे पाणी भरून देण्याच्या बोलीवर मीठ आणि विस्तव घेऊन आला. खिचडी रात्री साडेनऊला शिजली आणि खालून करपली होती. त्या सहा जणांची पुढे दहावीपर्यंत कोणी फाटाफूट करू शकले नाही. मी मीठ काढून दिले असते तर जेवण वेळेवर झाले असते, एवढेच.

लहानांसाठी साहसाचा अर्थ उंची असा घेऊ नये. वाटेवर दगडांचे बाण मांडून एका तुकडीने पुढे जावे आणि दुसरीने माग काढत यावे, फुली दिसली की ती वाट सोडावी, वर्तुळातला ठिपका दिसला की खेळ संपवून परतावे, हा खेळ आठ वर्षांच्या मुलाला कळसूबाईपेक्षा मोठा वाटतो. मधल्या वयाला दोरीच्या गाठी, नकाशा, होकायंत्र आणि स्वतःची चूल द्यावी. पैशाचाही प्रश्न येईलच, तेव्हा पालकांकडून सर्व खर्च घेण्याऐवजी 'खरी कमाई'ची जुनी प्रथा चालवून पाहावी. आपल्या वसाहतीत भेळेचा गाडा लावून मिळवलेल्या पैशांतून तुकडीने स्वतःचा दोर विकत घेतला, तर तो दोर हरवत नाही.

कातळवाट

वरील उत्तराशी सहमत आहे. मी पुण्यातून गेली अठरा वर्षे गट नेतो आणि मूळचा सिन्नरचा असल्यामुळे आपल्या भागातील वाटा माझ्या परिचयाच्या आहेत, म्हणून कोठे जावे याविषयी लिहितो.

चालण्याच्या वेळेचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला : सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि चढाईच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. हा हिशेब धट्ट्याकट्ट्या प्रौढाचा आहे. मधल्या विभागासाठी मी तो दीडपट धरतो, आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हिशेबच करत नाही, कारण ती मुले अंतर कापत नाहीत, ती एका मुंग्यांच्या वारुळापासून दुसऱ्या वारुळापर्यंत जातात. त्यांना हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यावे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या निफाडजवळ आहे आणि निम्म्या नाशिकने ते पाहिलेले नाही, ही खंत येथे नोंदवतो. मनोऱ्यावर प्रत्येक तुकडीला एकच दुर्बीण द्यावी. एकाने पाहायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, यात बोलणे आपोआप सुरू होते.

रामशेज मी मधल्या विभागासाठी ठेवला असता. १६८२ मध्ये मोगलांनी घातलेला वेढा या छोट्याशा गडाने काही वर्षे झुंजवला. तोफा नव्हत्या म्हणून गडकऱ्यांनी लाकडी तोफा करून कातडी गोळे डागले असे सांगतात. ही गोष्ट पायथ्याशी बसून सांगितली की मुलांच्या डोळ्यांत चढ लहान होतो. त्यानंतर पावसाळा सरताच अंजनेरी घ्यावा. पठार मोठे आहे, तळे आहे, आणि तेथे सापडणाऱ्या एका कंदीलपुष्पाला या डोंगराचेच नाव मिळाले आहे. मुलांनी ते तोडू नये एवढे आधी बजावावे.

मोठ्यांसाठी कळसूबाई हे उत्तर सर्वजण देतात. १६४६ मीटर, राज्यातील सर्वोच्च शिखर, बारी गावातून शिड्यांची मळलेली वाट. पण सुटीच्या दिवशी तेथे जत्रा असते आणि जत्रेत तुकडी टिकत नाही. त्यापेक्षा रतनवाडीतून रतनगड न्यावा, आदल्या संध्याकाळी अमृतेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचून गावात मुक्काम करावा, जेवण मुलांनी रांधावे आणि नेढ्यापर्यंतची, म्हणजे माथ्यावरच्या कातळातील आरपार भोकापर्यंतची, वाट त्यांनीच ठरवावी. हरिहरच्या कातळातील उभ्या पायऱ्यांचे छायाचित्र पाहून मुले हट्ट धरतील. पंधरा वर्षांखालील कोणालाही तेथे नेऊ नये, आणि गर्दीच्या रविवारी कोणालाच नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच खोबणीत हात घालतात. अलंग आणि मदन हे किल्ले दोर व प्रशिक्षित नेता असल्याशिवाय विचारातही घेऊ नयेत.

चालताना सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस असावा. पुढच्याला कोणी ओलांडायचे नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही, आणि प्रत्येक फाट्यावर सर्वजण येईपर्यंत थांबायचे. सर्वांत हळू चालणारे मूल पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे. मग त्याची चाल हीच गटाची चाल होते आणि त्याला कोणी 'मागे राहिला' म्हणू शकत नाही. आग्या मोहोळाची भीती खरी आहे. कड्याखाली धूर, आरडाओरडा आणि अत्तर या तिन्ही गोष्टींना बंदी असावी. पाणी प्रत्येकी दोन लिटर, लहानांचे पालकांच्या पाठीवर.

आणखी एक बाब. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून उपक्रम आयोजित करणाऱ्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी त्यात अपेक्षित आहे. खर्च वाटून घेणारे पालक आणि शुल्क आकारणारा आयोजक यांत फरक आहे हे खरे, तथापि इतरांच्या मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यातील सुरक्षेचा भाग वाचून घ्यावा, आणि प्रत्येक मुलाचे आजार, औषधे व पालकांचा क्रमांक एका कागदावर सोबत ठेवावा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, कागदाला असते.

टेम्सकाठ

आम्ही लंडनजवळ राहतो. माझी दोन्ही मुले येथील स्काऊटमध्ये आहेत आणि मी दोन वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून जाते. येथे विभाग आणखी बारीक आहेत : सहा ते आठ बीव्हर, आठ ते साडेदहा कब, चौदापर्यंत स्काऊट, अठरापर्यंत एक्सप्लोरर. बाहेर जाताना सहा बीव्हरांमागे, आठ कबांमागे आणि बारा स्काऊटांमागे निदान एक प्रौढ, शिवाय प्रमुख वेगळा, असे प्रमाण पाळावे लागते. आपले सहा पालक चौतीस मुलांना एकाच दिवशी पुरतीलच असे नाही, तेव्हा तिन्ही विभागांचे रविवार वेगळे ठेवणे हाच मार्ग दिसतो.

दोन गोष्टी मला येथे शिकायला मिळाल्या. पहिली अशी की कोणताही प्रौढ कोणत्याही मुलासोबत एकटा राहणार नाही, हा नियम प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशातील पिवळ्या कार्डावर छापलेला असतो. आपल्याकडे 'सगळे ओळखीचेच आहेत' म्हणून हा विषय काढायला संकोच वाटतो. तो पहिल्याच बैठकीत काढावा. दुसरी मुलींविषयी. अकराव्या-बाराव्या वर्षी मुली अचानक येईनाशा होतात आणि कारण कोणी सांगत नाही. बऱ्याचदा ते स्वच्छतागृहाचे आणि पाळीचे असते. प्रत्येक सहलीत दोन स्त्रिया असाव्यात, आडोशासाठी एक जुनी साडी आणि चार खुंट्या, पॅड आणि वापरलेले परत आणण्यासाठी कागदी व प्लास्टिक पिशव्या सामानाच्या यादीतच लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे मागावे लागत नाही. आमच्या कब विभागात ही पेटी सर्वांना माहीत असते आणि मुलगेही ती निमूट उचलून आणतात.

एका विभागातून दुसऱ्यात जाणे हा मुलांसाठी फार अवघड काळ असतो. धाकटी कबमध्ये गेली तेव्हा दोन आठवडे रडत होती. आमच्या गटात आता काही आठवडे मुले दोन्हीकडे येतात, आणि शक्यतो दोघे-तिघे मिळूनच वर जातात.

दुसरी_शिडी

मी वीस वर्षांचा आहे आणि कोल्हापूरला अशाच एका पालकांच्या गटात वाढलो. वरील सर्व ज्येष्ठांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. तीन विभाग पूर्ण वेगळे केले, रविवारही वेगळे केले, तर वाड्याबद्दल बोलणाऱ्या पालकांची भीती खरी ठरेल. माझा आजही सर्वांत जवळचा मित्र माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाताना मी सहावीत होतो आणि माझा बूट तळापासून उघडला. त्याने स्वतःच्या सॅकची दोरी कापून तो बांधला आणि पुढचे दोन दिवस स्वतः सॅकचे बंद हातात धरून चालला. विभाग वेगळे असते तर तो मला भेटलाच नसता.

मात्र मोठ्या मुलांना लहानांसाठी राबवू नये, हे शंभर टक्के खरे आहे. आमच्याकडून नववी-दहावीत अनेक जण गळाले आणि सर्वांनी क्लासचे कारण दिले. क्लास होतेच, पण ज्या वर्षी आम्हाला आमचा स्वतंत्र, पालकांशिवायचा दोन दिवसांचा ट्रेक मिळाला त्या वर्षी क्लास असूनही सगळे आले. नियोजन आमचे, एसटीची चौकशी आमची, चुकलेली वाटही आमचीच. पालक दोन तासांच्या अंतरावर गावात थांबले होते, हे आम्हाला नंतर कळले. त्यामुळे वर्षातून एक-दोन वेळा सर्वांचा एकत्र मुक्काम ठेवावा आणि त्यात मोठ्यांनी काय करायचे ते मोठ्यांनाच ठरवू द्यावे. आम्ही शेकोटीचा कार्यक्रम मागून घेतला होता. लहानांच्या तुकड्या आमच्याकडून नकला शिकायच्या, आणि बोट धरण्याचा प्रश्नच आला नाही.

संघनायक

दुसरी_शिडी यांचा आक्षेप मान्य आहे. माझ्या उत्तरात एकत्र शेकोटीचा उल्लेख राहून गेला. आमचेही कब आणि स्काऊट वार्षिक मेळाव्यात एकत्र येत. सहा वर्षांच्या अंतरातही मैत्री होते, परंतु ती ठरवून लावता येत नाही. आपण जागा ठेवू शकतो, जोडी लावू शकत नाही. आपल्या मित्राने दोरी कापली ती त्याला कोणी सांगितले होते म्हणून नव्हे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल पालकांची बैठक झाली. तीन विभाग आणि सहा तुकड्या ठरल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी लहान आणि मधले विभाग आलटून पालटून, नववीपुढच्यांसाठी दोन महिन्यांतून एक मुक्काम, आणि जानेवारीत सर्वांची एकत्र शेकोटी. पिवळ्या कार्डाचा नियम मांडताना मला वाटला होता तेवढा संकोच झाला नाही. उलट दोन आयांनी तो लिहून भिंतीवर लावण्यास सांगितले. रामशेजवरून खाली उतरलेल्या मुलाला मी स्वतः जाऊन भेटलो आणि त्या दिवशी चूक आमची होती असे सांगितले. तो मधल्या विभागात एका तुकडीचा नायक होण्यास तयार झाला आहे. बहीण लहान विभागात आहे, हे त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतले.

एकच मुद्दा अडला आहे. मोठ्यांच्या मुक्कामात मोबाइल असावेत की नाही यावर पालक आणि मुले यांचे जुळत नाही. पालकांना संपर्क हवा आहे, मुलांना छायाचित्रे.

दुसरी_शिडी

आम्ही तुकडीमागे एकच मोबाइल ठेवत असू, तोही सर्वांत मागे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये, बंद करून. छायाचित्रे मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर, संपर्क रात्री आठ वाजता एकदा. पहिल्या दिवशी कुरकुर होईल, दुसऱ्या दिवशी मोबाइल कोणाकडे आहे हे कोणाला आठवत नाही. पॉवर बँक मात्र दोन न्याव्यात, कारण त्यांतली एक कोणीतरी घरी चार्जिंगलाच विसरून येतो.